सात माणसं, दोन खोल्या: कोलकात्यातले पाच दिवस

निघण्याआधी

आमच्या टोळक्यात चार बायका आणि तीन पुरुष, आणि त्यात एकही जोडपं नाही. सांगलीला विलिंग्डन कॉलेजात एका वर्गात होतो, तेव्हापासूनची ओळख. नवरे, बायका, पोरं घरी ठेवून दोन-तीन वर्षांतून एकदा कुठंतरी जायचं, असा आमचा करार. घरच्यांना आता त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते लॉजवाल्यांना. त्यांच्या खोल्या दोनाच्या पटीत, आम्ही विषम. त्यांच्या रजिस्टरात 'फॅमिली' किंवा 'बॅचलर', आणि आम्ही पन्नाशी उलटलेले, दोन्हींत न बसणारे.

या वेळी कोलकाता ठरलं. विद्या बँकेतली, त्यामुळे हिशोब तिच्याकडे. तिनं आधीच फर्मान काढलं, राहण्याला माणशी रोज ६०० रुपये, वर एक पैसा नाही. मोबाइलवर हॉटेलं बघितली तर बरी दिसणारी दोघांची खोली १,८०० रुपये. तीन खोल्या, एक जादा गादी ५०० रुपयांची आणि वर १२ टक्के जीएसटी, म्हणजे एका रात्रीचे ६,६०८. माणशी ९४४. विद्यानं ग्रुपवर नुसता आकडा टाकला, पुढं काही लिहिलं नाही. कळायचं ते सगळ्यांना कळलं.

मराठी माणसानं कोलकात्यात पहिला फोन हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासला करायचा असतो. आम्ही तो शेवटचा केला, तोही जानेवारी उजाडल्यावर. आम्हाला हव्या त्या तारखा भरलेल्या होत्या. दोष आमचाच.

मग बाळ्या म्हणाला, "सोडा रे, मी बघतो." बाळ्याचं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं दुकान. कोलकात्याच्या बडाबाजारात त्याच्या ओळखीचे व्यापारी, आणि बडाबाजारात मारवाडी ट्रस्टच्या धर्मशाळा. "शेठनी सांगितलंय, जावा तुम्ही, जागा ठेवतो." सुहासनं विचारलं, पावती आहे का काही? बाळ्यानं त्याच्याकडे असं बघितलं, की सुहासनं विषय बदलला.

तारखा काढताना एक गोष्ट आमच्या कुणाच्याच ध्यानात आली नाही. ११ ते १५ जानेवारी २०२५, आणि मध्ये १४ तारखेला संक्रांत. संक्रांतीला तीळगूळ असतो एवढं माहीत होतं. गंगासागर असतो, हे डोक्यातच आलं नाही.

पहिला दिवस, शनिवार

गुरुवारी संध्याकाळी पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेस पकडली. नगर, मनमाड, भुसावळ, नागपूर, मग दुसरा अख्खा दिवस छत्तीसगड आणि झारखंड. शनिवारी उजाडता उजाडता हावड्याला उतरलो. सहाच्या सुमारास आकाश फटफटलं होतं. पुण्यात या वेळी मिट्ट काळोख असतो.

प्लॅटफॉर्मवर पाऊल टाकल्यावर पहिली शंका आली. सगळीकडे गाठोडी. डोक्यावर बोचकी घेतलेल्या बायका, एकमेकींच्या पदराला गाठ मारून चाललेल्या म्हाताऱ्या, भगवी वस्त्रं, स्वयंसेवकांचे कर्णे. दिलीपनं एका आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, "सब तीरथ बार बार, गंगासागर एक बार." गंगा जिथं समुद्राला मिळते त्या सागर बेटावर संक्रांतीचं स्नान करायला देशभरातून माणसं येतात, आणि त्यांचा रस्ता हावडा आणि कोलकात्यावरूनच जातो. "बाळ्या," नीलम हळूच म्हणाली, "तुझ्या शेठला हे माहीत असेल ना रे?"

सात माणसं आणि नऊ बॅगा एका पिवळ्या अँबेसेडरमध्ये मावत नाहीत. दोन टॅक्स्या करण्यापेक्षा पूल चालत ओलांडू, असं ठरलं, कारण बडाबाजार पलीकडेच. एवढा एक निर्णय त्या सकाळी बरोबर आला. हावडा ब्रिज १९४३ साली सुरू झाला. लांबी ७०५ मीटर, नदीत एकही खांब नाही, आणि नटबोल्टाऐवजी सगळं काम रिव्हेटांनी जोडलेलं. खालून हुगळी, धुक्यातनं एखादी फेरी, आणि बाजूनं डोक्यावर टोपल्या घेऊन पळणारे हमाल. त्यांच्यापुढे आमच्या चाकांच्या बॅगा म्हणजे लाडाकोडाचं काम. पूल संपतो तिथंच खाली मल्लिक घाटाचा फुलबाजार. झेंडूच्या माळांचे ढीग, माणसाच्या उंचीचे. अंजू तिथंच अडकली. तिला ओढून काढायला पंधरा मिनिटं गेली.

धर्मशाळा सापडली. भल्या मोठ्या चौकाची, चारी बाजूंनी लोखंडी कठड्याचे सज्जे, आणि प्रत्येक सज्जावर वाळत घातलेली धोतरं. चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. मुनीमजी सभ्य होते. शेठचं नाव ऐकून उभे राहिले, हात जोडले, आणि म्हणाले, जागा नाही. सोळा तारखेनंतर या. मग आमच्याकडे नीट बघून विचारलं, "आप लोग परिवार हैं?" बाळ्या म्हणाला, "क्लासमेट हैं." मुनीमजींच्या चेहऱ्यावरून कळलं, की सोळा तारखेनंतरही जागा नसेल. जाताना त्यांनी एक सल्ला दिला. बाबूघाटावर यात्रेकरूंसाठी तंबू टाकलेत, तिथं बघा.

बाळ्या त्यानंतर दोन तास कुणाशी बोलला नाही.

दोन टॅक्स्या कराव्याच लागल्या. सडर स्ट्रीटला गेलो. इंडियन म्युझियमला लागून असलेला हा छोटासा रस्ता. रवींद्रनाथ काही काळ इथं राहत होते, आणि पुढं पाठीवर पिशवी घेऊन फिरणाऱ्या परदेशी पोरापोरींचा तो अड्डा झाला. स्वस्त लॉज म्हटलं की अजूनही लोक इथंच पाठवतात. रस्ता गमतीचा आहे, लॉज मात्र थकलेले आहेत. तीन बघितले. पहिल्यात एका मोठ्या खोलीत आठ बंक होते. पुरुष-बायका एकत्र चालतील म्हणाले, पण आठवा माणूस कोण येईल ते त्यांच्या हातात नव्हतं. दुसऱ्यात भाव आमच्या बॅगा बघून ठरत होता. तिसऱ्याचं नाव सांगत नाही. तिथल्या माणसानं पहिल्या मजल्यावरची खिडकीची खोली दाखवली, पांढऱ्या चादरी, गरम पाणी. दोघांची खोली १,३०० रुपये, तीन खोल्या आणि ३०० रुपयांची जादा गादी. ४,२००, म्हणजे माणशी बरोबर ६००. पावती नको असेल तर कर नाही, असंही तो म्हणाला. विद्याच्या कपाळावर आठी आली, पण दोन रात्री गाडीत काढलेल्या सात जणांना तेव्हा फक्त आंघोळ हवी होती.

पैसे दिल्यावर कळलं, की खिडकीची खोली ही दाखवायची खोली होती. आम्हाला मिळाल्या त्या पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यावर एकेक. चौथ्या मजल्यावरच्या खोलीला खिडकी होती, पण ती जिन्यात उघडत होती. नीलम कित्येक वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स. तिनं चादर उचलून गादी बघितली, परत चादर घातली आणि आपली शाल काढून त्यावर अंथरली. "बघू नका," एवढंच म्हणाली. आम्ही बघितलं नाही.

दिवसभर फिरलो. न्यू मार्केट, १९०२ पासूनची नाहूमची बेकरी, संध्याकाळी मैदानातून व्हिक्टोरिया. खरी अडचण रात्री आली. आम्ही येतो ते काय बघायला येतो? संगमरवराच्या इमारती फोटोतही दिसतात. येतो ते रात्री जेवणानंतर एकत्र बसायला. आणि त्या लॉजमध्ये सात माणसं एकत्र बसतील अशी एक जागा नव्हती. खोलीत दोन खाटा आणि मधे एक माणूस आडवा चालेल एवढी फट. खाली काउंटरसमोर एक बाकडं, त्यावर लॉजवाल्याचा भाऊ झोपलेला. शेवटी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसलो, एका पायरीवर एक. बाळ्या पहिल्यांदा हसला आणि त्यानं मुनीमजींची नक्कल सुरू केली. अकराला खालून आवाज आला, गेस्ट लोक झोपलेत, वर जा. वर जाऊन तीन मजल्यांवर तीन ठिकाणी झोपलो. दोन वाजता नळाचं पाणी गेलं.

दुसरा दिवस, रविवार

सकाळी साडेसहाला नीलम आणि मी चहा शोधायला बाहेर पडलो. सडर स्ट्रीटवरून फ्री स्कूल स्ट्रीट, म्हणजे आताची मिर्झा गालिब स्ट्रीट, आणि तिथून मार्क्विस स्ट्रीट. पाच मिनिटांचं अंतर. पण पाट्या एकदम बदलल्या. सगळं बंगालीत. ढाक्याला जाणाऱ्या बसची कचेरी. पैसे बदलून मिळतील. दक्षिण कोलकात्यातल्या दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट काढून मिळतील. भात-हॉटेल. आणि दर दोन घरांमागे एक गेस्ट हाउस. निम्म्या दुकानांची शटरं खाली होती. आम्हाला वाटलं रविवार आहे म्हणून.

मातीच्या भांड्यातला चहा घेतला. चहावाला वैतागलेला होता. तो म्हणाला, रविवार कसला दीदी, सहा महिने हेच चाललंय. या रस्त्याचं गिऱ्हाईक बांगलादेशचं. उपचारांना येणारे, लग्नाची खरेदी करणारे, ईदेआधी कपडे नेणारे. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यातलं सरकार पडलं, आणि त्यानंतर भारतानं व्हिसे देणं अगदी कमी केलं. थोडेफार मिळत होते ते बहुतेक उपचारांसाठी. कोलकाता-ढाका मैत्री एक्स्प्रेस तर जुलैपासूनच बंद होती. म्हणजे नदीकाठी सागरच्या यात्रेकरूंना तंबू कमी पडतायत, आणि दोनेक किलोमीटरवर या रस्त्यावर खाटा रिकाम्या. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. दुसऱ्याच्या अडचणीतून आपली सोय होतेय याचं थोडं वाईट वाटलं, पण चहा संपेपर्यंतच.

औषधाच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर एक गेस्ट हाउस होतं. काउंटरमागे कानटोपी, मफलर, स्वेटर आणि वर शाल घेतलेले एक गृहस्थ. बाहेर चौदा-पंधरा अंश असतील, पण कोलकात्याच्या माणसाला जानेवारीत हिमालयाची थंडी वाजते. मी म्हटलं, सात जण आहोत, चार बायका, तीन पुरुष, कॉलेजचे मित्र. पुढचा प्रश्न येणार म्हणून तयारीत राहिले. त्यांनी विचारलं, "पेशंट कोण?"

पेशंट नाही म्हटल्यावर ते जरा गोंधळले. मग खोल्या दाखवल्या, आणि आमचं विषमपणाचं कोडं तिथं सुटलं. या खोल्या पर्यटकांसाठी बांधलेल्याच नव्हत्या. आजारी माणूस एकटा येत नाही. सोबत बायको, भाऊ, एखादी मावशी. म्हणून तीन खाटांची आणि चार खाटांची खोली. अंगणाकडे उघडणारी खिडकी, कारण पेशंटला हवा लागते. संडासात धरायला दांडा. आणि मजल्याच्या टोकाला पॅसेजमध्ये एक लांब टेबल, बाक, कट्टा आणि गॅसची शेगडी, कारण पेशंटला पथ्याचा मऊ भात लागतो आणि तो बाहेर मिळत नाही. नीलमनं गादी उचलून बघितली, नळ सोडून बघितला, पाणी गरम यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजलं. मी मात्र त्या टेबलाकडेच बघत होते. सात माणसं आरामात बसली असती.

चार खाटांची खोली १,८००, तीन खाटांची १,५००. विद्याला फोन लावला. तिनं फोन त्या बाबूंना द्यायला सांगितला. दोघं कुठल्या भाषेत बोलले देव जाणे, एकीचं हिंदी सांगलीचं, दुसऱ्याचं बंगाली. पाच मिनिटांनी १,५०० आणि १,२०० वर सौदा झाला, पावतीसकट. १२ टक्के धरून रोजचे ३,०२४. विद्यानं लगेच भागलं, माणशी ४३२.

रजिस्टरात पासपोर्ट नंबर आणि व्हिसा नंबर असे दोन रकाने छापलेले होते. बाबूंनी पासपोर्टच्या रकान्यात आधार नंबर लिहिला, व्हिसाच्या रकान्यात सातही जणांपुढे एक आडवी रेघ मारली, आणि येण्याचं कारण या रकान्यापाशी थांबले. वरच्या सगळ्या ओळींत एकच शब्द होता, ट्रीटमेंट. बाळ्या म्हणाला, "आमचंबी तेच लिहा."

जुन्या लॉजमधून दहाला बाहेर पडलो. दुपारी इंडियन म्युझियम, कारण सोमवारी ते बंद असतं. १८१४ साली सुरू झालेलं, देशातलं सगळ्यात जुनं. इजिप्तची ममी बघायला एवढी गर्दी, की दिलीपनं ममीपेक्षा गर्दीचेच फोटो काढले. संध्याकाळी पराठ्याचे रोल घेऊन आलो आणि त्या टेबलावर बसलो. साडेबारा झाले, कुणी उठवलं नाही. खालून बाबू एकदा वर आले, आम्हाला बघून काही न बोलता एक जादा दिवा लावून गेले.

तिसरा दिवस, सोमवार

सकाळी कचुरी आणि बटाट्याची भाजी, मग मेट्रोनं महात्मा गांधी रोड. हा पूर्वीचा हॅरिसन रोड. सुहासला इथं एक गोष्ट सांगायची होती. ती सांगायला त्यानं आम्हाला भर फुटपाथवर उभं केलं.

गावाकडून कोलकात्याला नोकरीला किंवा शिकायला आलेल्या एकट्या पुरुषांची राहायची सोय म्हणजे मेसबाडी. एका खोलीत तिघं-चौघं, एक सामाईक आचारी, बाजारहाटाची पाळी आणि महिन्याच्या शेवटी खर्चाची वाटणी. मुंबईत गिरणगावात गाळ्यात राहून खानावळीत जेवणारे कामगार राहत, त्याच जातीचा मामला, फक्त इथं कारकून आणि विद्यार्थी जास्त. बंगाली लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय तरुणपणी याच हॅरिसन रोडवरच्या एका मेसमध्ये राहत होते. त्यांचा गुप्तहेर ब्योमकेश बक्षीसुद्धा 'सत्यान्वेषी' या गोष्टीत अवतरतो तो एका मेसमध्ये, खोलीतला नवा भाडेकरू म्हणून. "आणि पुढं," सुहास म्हणाला, "हा माणूस पुण्यात येऊन स्थायिक झाला." पुण्यात राहणाऱ्या माझ्याकडे बघून असं म्हणाला, जणू मी शेजारी असून चौकशी केली नाही.

मला मात्र वेगळंच आठवलं. सांगलीत शेवटच्या वर्षाला हे तिघं एका खोलीत राहायचे. आम्ही पोरी डबा घेऊन जायचो आणि मालकीणबाई दार उघडं ठेवायला लावायच्या. तीस वर्षांनी तिघं परत एका खोलीत, आणि दिलीप अजून तसाच घोरतो.

कॉलेज स्ट्रीटला पुस्तकांच्या टपऱ्या, कॉफी हाउसमध्ये पांढऱ्या फेट्याचे वाढपी. दुपारी कुमारटुली. तीन आठवड्यांवर सरस्वती पूजा आलेली, त्यामुळे गल्लीत शेकडो सरस्वत्या. रंग न लावलेल्या, करड्या मातीच्या, ओळीनं वाळत ठेवलेल्या. आपल्याकडे पेणला गणपतींच्या आधी असतं, तसंच. कुठं नुसतं पेंढ्याचं अंग, कुठं चेहरा बसलेला, डोळे नाहीत. यावर मी जास्त लिहीत नाही. जाऊन बघायची गोष्ट आहे.

परतताना नीलमला एकदम आठवलं, आज भोगी. सगळ्या बायका थांबल्या. घरी असतो तर मिश्र भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी. विद्या म्हणाली, "शेगडी आहे की." मग न्यू मार्केटच्या भाजीबाजारात शिरलो. वांगी मिळाली, लांब जांभळी. शिम म्हणजे आपली वालपापडीची बहीण. गाजर, मटार, मुळा. हरभऱ्याचे घाटे नाहीत, बोरं मात्र आहेत. तीळ आणि शेंगदाण्याचं कूट नीलमच्या पिशवीत होतंच, ती तिळगुळाच्या तयारीनं आली होती. काळ्या मसाल्याची पुडी अंजूकडे, कारण कोल्हापूरची माणसं मसाल्याशिवाय शेजारच्या गावीसुद्धा जात नाहीत.

बाबूंकडे पातेलं मागितलं. त्यांनी दोन दिली आणि पेशंटसाठी ठेवलेला कुकर पण. भाकरीचं पीठ काही मिळालं नाही, म्हणून खालच्या भात-हॉटेलातून भात आणि पराठे आणले. फोडणी पडली आणि अर्ध्या मिनिटात अख्खा मजला खोकायला लागला. पलीकडच्या खोलीचं दार उघडलं. बांगलादेशातल्या खुलन्याचं जोडपं होतं, नवऱ्याच्या हृदयाची तपासणी करायला आलेलं. त्या मजल्यावर आमच्याशिवाय राहणारे तेवढेच. त्या बाई काय जळतंय बघायला आल्या आणि टेबलावर बसल्या. नवऱ्याला तिखट चालणार नव्हतं. त्याच्यासाठी अंजूनं बाजूला थोडी भाजी बिनमसाल्याची काढली, तिच्या आयुष्यात पहिल्यांदा. बाई म्हणाल्या, त्यांच्याकडेही या दिवसांत संक्रांत असते, पिठे करतात, तांदळाच्या पिठाचे, आत खजुराचा गूळ. व्हिसा मिळायला त्यांना किती खेपा घालाव्या लागल्या तेही त्यांनी सांगितलं. बाबू जिन्यात उभे राहून ऐकत होते. त्यांनाही ताट वाढलं. त्यांनी एक घास खाल्ला, मफलर सोडला, मग कानटोपी काढली. आम्ही त्यांचं टक्कल पहिल्यांदा बघितलं.

चौथा दिवस, संक्रांत

सकाळी तिळगूळ. बाबूंना, सफाईवाल्या माशींना, म्हणजे मावशींना, खुलन्याच्या बाईंना आणि चहावाल्याला. 'गोड बोला' याचं बंगालीत काय सांगायचं यावर दिलीप आणि सुहासची वादावादी झाली, गोड नव्हती.

मेट्रोनं दक्षिणेश्वर, गर्दी बेसुमार. दुपारी उलट्या दिशेनं जतीन दास पार्क स्टेशनला उतरून हाजरा रोडनं थोडं चाललो आणि महाराष्ट्र निवासची पाटी बघितली. जाऊन नमस्कार करावा तशी. पुढच्या वेळी दोन महिने आधी फोन करायचा, असं विद्यानं वहीत लिहिलं. अंजू म्हणाली, "मग शेगडी?" विद्यानं लिहिलेलं खोडलं नाही, पण पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

संध्याकाळी एस्प्लनेडहून भुयारी मेट्रोनं नदीखालून हावड्याला गेलो आणि फेरीनं परत आलो. मार्च २०२४ मध्ये सुरू झालेला या लाइनचा हा भाग तेव्हा दहा रुपयांत हुगळीखालून नेत होता. नदीखालचा टप्पा पाऊण मिनिटात संपतो. बाळ्यानं फोन काढेपर्यंत स्टेशन आलं. वर येऊन फेरीतून बघितलं, तर बाबूघाटाच्या बाजूला तंबूंचे दिवे लागले होते. मुनीमजींनी सांगितलेले तेच.

रात्री टेबलावर झाकलेली एक थाळी होती. पाटिशाप्टा, माशींनी घरून आणलेले. गुंडाळी केलेल्या पातळ धिरड्यांसारखे, आत नारळ आणि नव्या खजुरी गुळाचं सारण. पुरणपोळीच्या अभिमानी माणसांनी आधी थोडं नाक मुरडलं. थाळी चार मिनिटांत रिकामी झाली.

पाचवा दिवस, बुधवार

गाडी रात्रीची आणि खोली सोडायची दुपारी बाराला. सगळीकडे हा घोळ असतोच. बाबू म्हणाले, मोठी खोली सोडा, लहान ठेवा, तसेही कोण येणार आहे. पैसे घेतले नाहीत. विद्या ऐकेना, तेव्हा 'गॅसचे द्या' म्हणून १०० रुपये घेतले.

तिनं टेबलावर वही उघडली. पहिली रात्र ४,२००, पुढच्या तीन ९,०७२. एकूण १३,२७२, माणशी १,८९६. ठरलेल्या २,४०० मधून प्रत्येकाचे ५०४ वाचले. बाळ्यानं त्यातून आपल्या शेठसाठी खजुरी गुळाची ढेप घेतली. का घेतली ते आम्ही विचारलं नाही.

खुलन्याचं जोडपं सकाळीच निघालं होतं. तपासणी बरी आली. बाईंनी नीलमला पत्ता लिहून दिला आणि यायचं आमंत्रणही. "आता व्हिसा आम्हाला लागणार," नीलम म्हणाली.

हावड्याला आमच्या सात बर्थ तीन डब्यांत विखुरलेल्या निघाल्या. अकरापर्यंत एकाच कप्प्यात कोंबून बसलो, मग टीसीनं हाकललं.

बाबूंकडे आमच्या सगळ्यांचे नंबर आहेत. तेव्हापासून रोज सकाळी सातला त्यांचा सुप्रभातचा फोटो येतो. गुलाबाचं फूल, चहाचा कप, आणि खाली बारीक अक्षरात खोल्यांचे भाव. परवाच्या फोटोत चार खाटांची खोली १,३०० ला होती.